कुत्रा चावला; पण त्याआधी काय झाले?

गेल्या महिन्यातली गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीतून वाट काढत एक शेतकरी सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन थेट आत शिरला. मागून मुलीची आई आणि आजी. मुलीच्या उजव्या हाताला फडके गुंडाळलेले होते आणि फडक्याला हळद-मिरचीचा वास येत होता. पोर रडून रडून दमली होती.

"डॉक्टरसाहेब, कुत्रं चावलं. घरचंच होतं. त्याचा निकाल लावूनच आलोय," वडील म्हणाले. निकाल लावला म्हणजे काय केले, ते मला विचारावे लागले नाही.

फडके सोडले. मनगटाच्या वर दातांच्या दोन खोल जखमा होत्या आणि त्यात मिरचीपूड भरलेली. हात नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुतला. मिरचीने त्या लेकराची जी आग झाली, ती चाव्याने झाली नसेल. मग नेहमीचे प्रश्न विचारले. कधी चावले? कुत्र्याला लस दिली होती का? "कुत्र्याला कसली आलीय लस, साहेब? घरचं तर आहे." सर्वांत शेवटी मी मुलीजवळ वाकलो आणि विचारले, "चावायच्या आधी तू काय करत होतीस, बाळ?"

मुलीने आधी वडिलांकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "त्याची भाकरी काढून घेत होते."

"रोज घेतेस?"

"हो. दादा पण घेतो. कुत्रं गुरगुरलं की आबा हसतात."

कोणी काही बोलेना. आणखी दोन प्रश्नांत उरलेली हकिकत कळली. कुत्रे राखणीसाठी पाळलेले. दीड हात साखळीने सकाळपासून रात्रीपर्यंत खांबाला बांधलेले. सुटका रात्री, भाकरी एकदा, आणि तीही मुलांच्या खेळात हिसकावली जाणारी. ते पिसाळले म्हणून चावले, अशी वडिलांची खात्री होती. ते भुकेले होते आणि त्याच्या तोंडचा घास काढला गेला म्हणूनही चावले असेल. यातले खरे काय, हे आता कोणालाच कळणार नाही. कुत्रे जिवंत असते तर ते बांधून दहा दिवस लक्ष ठेवता आले असते. लस आणि जखमेतले इंजेक्शन मी तरीही त्याच दिवशी सुरू करायला लावले असते. पण दहा दिवसांनी घरादाराला जो निवांतपणा मिळाला असता, तो एका दांडक्याने घालवला.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला?

वाचकहो, तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी रक्तदाब, मधुमेह, जुलाब यावर लिहावे. प्राणिमात्रांवर दया करा हे सांगायला कीर्तनकार आहेत. मलाही बरीच वर्षे असेच वाटत होते. जनावरांचे दुखणे पशुवैद्य पाहतील, आपण माणसांचे पाहावे. पण सुमारे तीस वर्षे कुत्र्या-मांजरांचे चावे आणि बोचकारे धुतल्यावर माझे मत बदलले आहे. मुलांना जनावराशी कसे वागावे हे न शिकवणे, हेच चाव्यांचे एक मोठे कारण आहे. आणि चावा लपवणे हे पिसाळीच्या, म्हणजे रेबीजच्या मृत्यूंचे एक कारण आहे.

आकडे पाहा. जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसे रेबीजने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी 100 मधल्या 40 जणांचे वय पंधराच्या आत असते. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के कुत्र्याकडून येतो. या मृत्यूंचा सर्वांत मोठा वाटा आपल्या देशाचा आहे. लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ मेस्टर या मुलाला पहिली लस टोचली ती 6 जुलै 1885 रोजी. तेव्हापासून या रोगापासून वाचण्याचा मार्ग माणसाला ठाऊक आहे. तरीही मुले मरतात. औषध नाही म्हणून मरतात त्याहून अधिक, वेळेवर कोणाला कळले नाही म्हणून मरतात.

न विसरलेला मुलगा

1998 साल. मी तालुक्याच्या गावी नुकताच दवाखाना थाटला होता. ऑगस्ट महिन्यात एका रात्री दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आईवडील आले. दोन दिवस ताप, घसा आवळल्यासारखा वाटतोय, पाणी पीत नाही. वडील म्हणाले, "घसा आला असंल." मी आईला पाण्याचा पेला पुढे करायला सांगितले. पेला ओठांपाशी येताच मुलाचा गळा आवळला गेला, मान मागे गेली. वरचा पंखा सुरू केला तसा तो पुन्हा दचकला. मला जे कळायचे ते कळले.

"कुत्रं चावलं होतं का?" आईवडील दोघेही ठामपणे नाही म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना माहीतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या मित्राने सांगितले. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेमागच्या सिमेंटच्या पाइपात एक कुत्री व्यायली होती. मुलांनी आधी दगड मारले. मग हा आत सरपटत गेला आणि एक पिल्लू उचलले. कुत्री त्याच्या पोटरीला चावली. त्याने पाय पाटाच्या पाण्यात धुतला आणि सगळ्यांना शपथ घातली, "घरी सांगायचं नाही." का? "बाप मारंल. आणि पोटात चौदा इंजेक्शनं देत्यात."

जिल्ह्याच्या रुग्णालयात तिसऱ्या दिवशी तो गेला. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर त्याला वाचवणारा उपाय तेव्हा नव्हता आणि आजही, काही अगदी तुरळक अपवाद सोडले, तर नाही.

मला ती केस विसरता येत नाही, याचे आणखी एक कारण आहे. त्याच्या आदल्या वर्षी त्याच्या मोठ्या भावाला तापासाठी माझ्याकडे आणले होते. इंजेक्शन घेताना तो हातपाय झाडू लागला. मी हसत हसत म्हणालो होतो, "गप्प बस, नाहीतर कुत्रं चावल्यावर देतात तशी पोटात चौदा देईन!" सगळे हसले. धाकटा दारात उभा होता. त्याने चौदा इंजेक्शनांची धास्ती माझ्याच तोंडून घेतली, असे मी म्हणत नाही. त्या काळी ही धमकी घराघरांत दिली जाई. पण घेतलीच नसेल, असेही मला म्हणता येत नाही. त्या दिवसापासून मी कोणत्याही मुलाला इंजेक्शनाची भीती घातलेली नाही, आणि माझ्यासमोर कोणी घातली तर मी त्यांना थांबवतो.

मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती पोटात टोचायची लस आपल्या देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता दंडावर टोचतात आणि इंजेक्शनेही मोजकीच असतात. लस गेली, पण तिची भीती आजही आजीच्या गोष्टींतून नातवंडांपर्यंत पोहोचते आहे. तेवढी आता थांबवली पाहिजे.

कुत्र्याची बोली

त्यानंतर मी चाव्याच्या प्रत्येक केसमध्ये एक प्रश्न वाढवला. चावायच्या आधी काय झाले? उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कुत्रे खात होते आणि मुलाने हात घातला. झोपले होते आणि अंगावर पाय पडला. शेपूट ओढले. पिल्लू उचलले. बांधलेल्या कुत्र्याला लांबून खडे मारले. कुत्रे मागे लागले आणि मूल पळत सुटले. अर्थात सगळेच चावे असे नसतात. पिसाळलेले कुत्रे कोणालाही, काही कारण नसताना चावते. ते वागणे बदलते, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, दिसेल त्याला तोंड लावते. काही वेळा ते उलट गप्प होऊन कोपऱ्यात पडून राहते. तिथे मुलाचा काहीच दोष नसतो. पण ओळखीच्या, गल्लीतल्या किंवा घरातल्या कुत्र्याचा चावा पुष्कळदा टाळता येण्यासारखा असतो.

"भुंकणारे कुत्रे चावत नाही" ही म्हण माणसांना लागू पडत असेल, कुत्र्याला नाही. भुंकणे आणि गुरगुरणे ही त्याची सूचना असते. "दूर राहा" हे सांगायला त्याच्याकडे दुसरे शब्द नाहीत. अंग ताठ होणे, मानेवरचे केस उभे राहणे, कान मागे पडणे, शेपूट पायांत घालणे, ओठ वर करून दात दाखवणे, डोळ्यांचे पांढरे दिसणे, ही त्या बोलीतली अक्षरे आहेत. शेपूट हलले म्हणजे कुत्रे खूश आहे, असेही दर वेळी नसते. ताठ उभारलेले, भरभर हलणारे शेपूट रागाचे असू शकते.

मुलांना एवढे जरूर शिकवा:

1. खाणाऱ्या, झोपलेल्या, आजारी, बांधलेल्या आणि पिल्लांजवळच्या जनावराला हात लावायचा नाही.

2. दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावण्यापूर्वी धन्याला विचारायचे. मग हाताची मूठ बाजूला धरून कुत्र्याला वास घेऊ द्यायचा. डोक्यावर एकदम थाप मारायची नाही, गळ्यात पडायचे नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचे नाही. लहान मुलांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. म्हणून त्यांना चेहऱ्यावर चावे होतात, आणि ते जास्त धोक्याचे असतात.

3. कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही, ओरडायचे नाही. झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. खाली पडलो तर अंगाचे मुटकुळे करून मान आणि कान हातांनी झाकायचे.

4. चावले, दात लागला, नुसते नख लागून ओरखडा उठला, तरी त्याच क्षणी घरी सांगायचे.

यातले पहिले तीन नियम म्हणजे भूतदयेचेच नियम आहेत. दुसऱ्या जिवाला काय हवे आणि काय नको, हे त्याच्याकडे पाहून ओळखणे आणि त्याला त्याची जागा देणे. दया म्हणजे कुरवाळणे, असा मुलांचा समज असतो. पुष्कळदा दया म्हणजे हात आवरणे असते.

मूल ऐकून नव्हे, पाहून शिकते

पण मुलांना शिकवायचे कोणी? नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, एकनाथ महाराजांनी काशीहून आणलेल्या कावडीतले पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, या गोष्टी आपल्याकडे प्रत्येक घरात सांगितल्या जातात. गोष्ट संपली की आपण ओसरीवर आलेल्या कुत्र्याला चप्पल फेकून मारतो. मूल दोन्ही पाहते. लक्षात राहते ती चप्पल.

दिवाळीत कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधणारी मुले ही वाईट घरची नसतात. मागे उभे राहून हसणारी मोठी माणसे असतात. मांजरीची पिल्ले पोत्यात घालून ओढ्याकाठी सोडून येणारे हातही मोठ्यांचेच. त्या मुलीचे आबा हसत नसते, तर तिने भाकरी दुसऱ्यांदा ओढली नसती, असे मला वाटते.

इथे एक गोष्ट थोडी गंभीरपणे सांगतो. चार वर्षांच्या मुलाने मुंगळा चिरडला किंवा मांजरीचे शेपूट ओढले, तर ते कुतूहल असते. त्याला जवळ घेऊन "तिला दुखतं" एवढे समजावले की पुरते. पण आठ-दहा वर्षांचे मूल जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा, लपूनछपून जनावरांना इजा करत असेल, तर त्याला नुसते झोडपू नका. सतत मारामाऱ्या, चोऱ्या, खोटेपणा यांच्या जोडीने जनावरांचा छळ हे वर्तनाच्या आजाराचे एक लक्षण मानले जाते. काही वेळा ते मूल स्वतःच कुठेतरी मार खात असते.

माझ्याकडे एका मुलाला अंथरूण ओले करतो म्हणून आणले होते. आईने बोलता बोलता सांगितले, "मांजरीच्या अंगावर उकळतं पाणी टाकलं यानं." तपासायला सदरा काढला, तर पाठीवर पट्ट्याचे वळ. वडील बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना आत बोलावले, दार लावले आणि मुलाच्या आजाराबद्दल नव्हे, त्यांच्या दारूबद्दल बोललो. नंतर मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले. ज्या घरात दुबळ्यावर हात उगारणे चालते, तिथे मूल आपल्याहून दुबळे कोण हे शोधते. शेवटी ते मांजरीपाशी पोहोचते.

माया आहे; जबाबदारीचे काय?

आता दुसरी बाजू. नुसत्या मायेने भागत नाही. आमच्या भागात एक निवृत्त शिक्षक आहेत. रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी दहा-बारा कुत्र्यांना दूध-भाकरी घालत. मन सोन्यासारखे. पण त्या वेळेस शिकवणीहून परतणाऱ्या मुली दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागल्या. एका पेपरवाल्या मुलाला चावा बसला. मी गुरुजींना विचारले, "यांतल्या किती कुत्र्यांना लस टोचलीय?" गुरुजी रागावले. "डॉक्टर, मुक्या जिवांना दोन घास घालतो, त्याचाही हिशेब द्यायचा?" मी म्हणालो, "गुरुजी, घास घालणारा त्यांचा पालक होतो. पालकाला हिशेब द्यावाच लागतो. आणि त्या पोरी, तो पेपरवाला, तेही जीवच आहेत."

पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नंतर स्वतःच आले. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठून आम्ही दिवस ठरवला. कुत्री गुरुजींनाच ओळखत. त्यामुळे धरायचे काम त्यांनीच केले. दोन कुत्री सोडून सगळ्यांना लस मिळाली. खायला घालण्याची जागा आता गल्लीच्या तोंडाशी नाही. ती ओढ्याकडच्या मोकळ्या जागेत आहे, आणि वेळ मुलांच्या वर्दळीची नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही हेच आहे. खायला घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जाण्यायेण्याच्या वाटांपासून दूर असावी. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही जबाबदारी त्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. तेव्हा नगरपालिकेकडे आणि ग्रामपंचायतीकडे हे काम मागणे, हा नागरिकांचा हक्क आहे. एखाद्या भागातल्या 100 पैकी किमान 70 कुत्र्यांना लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. विष घालून किंवा दांडक्याने ती तुटत नाही. मारलेल्या कुत्र्यांच्या जागी बिनलसीची नवी कुत्री येतात.

घरी कुत्रे असेल तर तिसऱ्या महिन्यात पहिली लस, नंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुढची मात्रा आणि दरवर्षीची लस. मांजरालाही लस लागते, हे पुष्कळांना माहीत नसते. पिल्ले सांभाळायची नसतील तर नसबंदी करा. ती पोत्यात घालून सोडू नका. कुत्रे दिवसभर आखूड साखळीला बांधू नका. बांधलेले कुत्रे भित्रे आणि चिडके होते. आणि शिळे अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून उकिरड्यावर टाकू नका. गाय पिशवीसकट खाते. ते प्लॅस्टिक तिच्या पोटात साठत जाते आणि शेवटी तिचा जीव घेते.

बैलाच्या खांद्यावर

आपला भाग उसाचा. हंगामात माझ्याकडे गाडीवान येतात, ते बहुधा अंगदुखीसाठी. एकाचा खांदा सुजला होता. मी म्हणालो, "दोन दिवस ओझं उचलू नका, आराम करा." तो म्हणाला, "मला तुमी सांगितलं, डाक्टर. माझ्या बैलाला कोन सांगनार? त्याचा पन खांदा आलाय."

मी त्याला निर्दय म्हणू शकलो नाही. मुकादमाची उचल अंगावर, पैसे खेपेप्रमाणे. गाडी थांबली की चूल थांबते. तरीही बोललो ते असे. सुजल्या खांद्यावर जू ठेवले तर जखम चिघळते आणि मग दोन दिवस नव्हे, दोन महिने बैल बसून राहतो. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नको. सलग पाच तासांपेक्षा जास्त नको. आणि पारा 37 अंशांच्या वर असताना दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही. ज्या उन्हात माणसाला उष्माघात होतो, त्याच उन्हात बैलालाही होतो. बेंदराच्या दिवशी शिंगे रंगवून पुरणपोळी खाऊ घालतो. पण त्याला उन्हाळ्यात सावली, पाणी आणि सुजल्या खांद्याला सुट्टी मिळाली, तर तो खरा बेंदूर. उचल देणारांनीही याचा विचार करावा. जनावरांशी क्रूरतेविरुद्धचा कायदा 1960 पासून आहे. पण गोठ्यात पोलीस येत नाही. तिथे आपणच असतो.

चावलेच तर

सगळी काळजी घेऊनही कधी चावा बसेल. तेव्हा काय करायचे ते कात्रण काढून ठेवण्यासारखे आहे.

जखम लगेच, वाहत्या पाण्याखाली, साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. घरात कोणताही साबण असेल तो चालेल. मिरची, चुना, हळद, तंबाखू, तेल, शेण यांतले काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जा. लस दंडाच्या स्नायूत टोचायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28 या दिवशी देतात. सरकारी दवाखान्यांत कातडीत टोचतात. तेव्हा 0, 3, 7 आणि 28 हे दिवस असतात. अगदी लहान मुलांना स्नायूतली लस मांडीत देतात, कुल्ल्यावर मात्र कधीच नाही. जखमेतून रक्त आले असेल तर लसीच्या जोडीने जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन लागते. ते मागून घ्या, कारण लसीचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि तोवरचे संरक्षण त्यानेच मिळते. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचेही विचारा.

कुत्रे घरचे आहे, पिल्लू आहे, "बघू दहा दिवस", म्हणून थांबू नका. उपचार सुरू करा आणि कुत्र्यावर लक्ष ठेवा. रोग बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतो. कधी आठवड्यात, तर कधी वर्षानेही. म्हणून चावा जुना असला तरी आजच या. गरोदर बाईलाही ही लस देता येते. खाण्यापिण्याचे काही पथ्य नाही. डोस मात्र एकही चुकवू नका. मांजर, माकड आणि मुंगूस चावले तरी हाच मार्ग.

एक वाक्य

दरवर्षी 28 सप्टेंबरला, पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, जागतिक रेबीज दिन पाळतात. त्या सुमारास मी जवळच्या एका शाळेत जातो. भाषण करत नाही. मुलांना विचारतो, "कोणाकोणाला कधी कुत्रं किंवा मांजर चावलंय?" सुरुवातीला एकही हात वर होत नाही. मग मी सांगतो की मलाही लहानपणी चावले होते, आणि मीच त्याची खोडी काढली होती. मग हळूहळू हात वर होतात. गेल्या खेपेला चौथीतल्या एका मुलाने बाकावरून उठून पायाचा ओरखडा दाखवला. चार दिवसांपूर्वीचा. घरी सांगितले नव्हते. त्याच दुपारी त्याची लस सुरू झाली.

पालकांनी आणि शिक्षकांनी एवढेच करावे. मूल चावा दाखवायला आले की "तू तिकडे गेलासच का?" हे पहिले वाक्य नको. पहिले वाक्य असावे, "सांगितलंस ते बरं केलंस." मग साबण, पाणी आणि दवाखाना. खोडीबद्दलचे बोलणे नंतर, शांतपणे, कुत्र्याची बाजू समजावून सांगत.

त्या सहा वर्षांच्या मुलीच्या लसीचे डोस पूर्ण झाले. जखम भरली. शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन वडिलांदेखत म्हणाली, "डॉक्टर, भाकरी मी ओढली. मग आमच्या कुत्र्याला का मारलं?"

वडील खाली मान घालून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणालो, "याचं उत्तर तुमच्याकडून तिला मिळायला हवं." ते काही बोलले नाहीत. पण जाताना दारात थांबले आणि मला पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळा विचारून गेले.